पहिल्यांदाच अभ्यंगाला (तेलमालिशला) जातोय. जेवून जावं का, आणि आधी काय सांगावं?

जेवून लगेच जाऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. आणि चालू असलेल्या गोळ्या, जुनी दुखणी, ऑपरेशनं आधीच सांगून टाका. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या दुसऱ्या अध्यायात अजीर्ण झालेल्याला आणि कफ वाढलेल्याला अभ्यंग वर्ज्यच सांगितला आहे. शिवाय भरल्या पोटी पालथं झोपवत नाही, हे साधं कारण आहेच. सर्दी-ताप असेल तर सरळ पुढची तारीख घ्या.

कपडे जुने घालून जा. तिळाचं तेल केसांच्या मुळाशी राहतं, कॉलरला लागतं आणि डाग काही केल्या निघत नाही. अंगावर किती कपडे ठेवायचे हे तुम्ही ठरवायचं. बाकी अंग चादरीखाली झाकलेलं असायला हवं. दाब जास्त वाटला तर तिथल्या तिथे 'जरा हलक्या हाताने' म्हणा. दात आवळून सोसणारेच दुसऱ्या दिवशी अंग धरून बसतात. उठताना आधी कुशीवर वळा, तळव्यांचं तेल पुसल्याशिवाय फरशीवर पाय ठेवू नका.

मात्र गरोदर असाल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा एकाच पोटरीला अचानक सूज येऊन दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर ती चोळणं धोक्याचं असतं.