सीमारेषा डोंगरात बुडते, काय करू?

प्रश्न: सर नमस्कार, मी क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) अकोले तालुक्याची हद्द थ्रीडीत बघतेय, खाली एसआरटीएमचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) आणि वर तालुक्याची रेषा, पण पश्चिमेला घाटमाथ्यावर रेषा मधेच गायब होते, पुढे परत उगवते आणि दरीवरून तर चक्क हवेतून जाते. फाइल खराब आहे का?
— एक वाचिका, संगमनेर

उत्तर: फाइल बरी असणार हो ताई. रेषा म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी नुसते बिंदू आणि त्यांच्यामधली सरळ जोडणी. दोन बिंदू चारशे-पाचशे मीटर लांब असले की उंची फक्त त्या दोघांना मिळते, मधला डोंगर रेषेला माहीतच नसतो, मग ती जाते आरपार.

आधी प्रोजेक्शन, म्हणजे नकाशाची मोजमाप पद्धत बघा, अंशांमध्ये असेल तर मीटरमध्ये मोजणारं यूटीएम 43 उत्तर (ईपीएसजी 32643) करून घ्या. मग टूलबॉक्समधलं 'डेन्सिफाय बाय इंटरव्हल' चालवा, ते रेषेवर ठरावीक अंतराने जादा बिंदू घालतं, 30 मीटर पुरे, एसआरटीएमचा पिक्सेलच (उंचीचा एक चौकोन) साधारण तेवढा आहे, उगाच 5 टाकलंत तर फाइल फुगेल आणि हाती फारसं काही लागणार नाही. त्यावर 'ड्रेप' चालवलं की प्रत्येक बिंदूला डीईएममधली उंची मिळते. लेयरच्या थ्रीडी सेटिंगमध्ये ॲब्सोल्यूट (बिंदूची स्वतःची उंची जशीच्या तशी) निवडा आणि रेषा 10 मीटर वर उचला, कारण लांबून बघताना सॉफ्टवेअर जमीन ढोबळ करून दाखवतं आणि तेव्हा चिकटून बसलेली रेषा परत बुडते. आणि हो, जीपीएसची कच्ची, लंबगोलावरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) मोजलेली उंची यात मिसळू नका, एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या हिशोबाची, आपल्याकडे दोन्हीत 60 मीटरहून जास्त फरक पडतो आणि रेषा तेवढी खाली जाते.

एवढं नको असेल तर लेयरचं थ्रीडी बंद करा, रेषा नकाशाबरोबर जमिनीवर रंगवली जाते, बुडायचा प्रश्नच नाही, पण जवळून धूसर दिसते आणि कड्यावर रंग ओघळल्यासारखी ताणली जाते. मला स्वतःला प्रिंटसाठी हेच बरं वाटतं.

आता कोकणकडा. तिथे सगळं करूनही रेषा विचित्र दिसेल. हरिश्चंद्रगडाचा हा कडा आत वळलेला आहे आणि डीईएममध्ये एका पिक्सेलला एकच उंची, त्यामुळे कड्याचा नुसता तीव्र उतार होतो. त्यात हद्द बहुतेक 1:50,000 च्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाचा छापील नकाशा) काढलेली असते, तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर. सपाटीला 25 मीटर कोण बघतंय, पण कड्याच्या काठाशी रेषा तेवढी बाजूला सरकली तर ती थेट काही शे मीटर खाली ठाणे जिल्ह्यात उतरते! ती छान दिसावी म्हणून बिंदू ओढून माथ्यावर बसवायचा मोह होतो, तसं करू नका, हद्द सरकारी कागदावरची आहे, आपल्या डीईएमची नाही. आहे तशी ठेवा आणि सूचीत मूळ नकाशाचं प्रमाण लिहा.

प्रश्न: गूगल अर्थमध्ये माझी हद्द रेषेऐवजी उभी भिंत दिसते. का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: प्रॉपर्टीजमधल्या आल्टिट्यूड टॅबवर 'एक्स्टेंड साइड्स टू ग्राउंड'ची टिक काढा आणि 'क्लॅम्प्ड टू ग्राउंड' निवडा. केएमएल (गूगल अर्थची फाइल) हाताने लिहिली असेल तर एक्स्ट्रूड (भिंत उभी करणं) 0 आणि टेसलेट (रेषा जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळवणं) 1 ठेवा. टेसलेट लिहायचं राहून गेलं तर लांब तुकडे परत डोंगराच्या पोटातून जातील.