वाचकांचे प्रश्न : मंगळवेढ्याचा मतदारसंघ गेला कुठे?

प्रश्न : पूर्वी मंगळवेढा हा वेगळा विधानसभा मतदारसंघ होता. आता आमचे मत पंढरपूरला जाते. तालुका शाबूत असताना मतदारसंघ का मोडला? कुणीतरी मुद्दाम मोडला, असे इथे पारावर ऐकायला मिळते.
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : तालुका आणि मतदारसंघ यांची सांगड घालू नका, घोळ तिथूनच सुरू होतो. आज सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि मतदारसंघही ११ आहेत, पण हा निव्वळ योगायोग आहे. मतदारसंघ ठरतात ते लोकसंख्येवर.

हिशेब कागदावर मांडून बघा. मतदारसंघांच्या १९७६ च्या पुनर्रचनेला १९७१ ची जनगणना धरली होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख आणि जागा २८८, म्हणजे एका जागेमागे सुमारे १ लाख ७५ हजार माणसे. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेबावीस लाखांच्या आसपास होती. भागाकार पावणेतेराच्या थोडा पुढे जातो, म्हणून जागा मिळाल्या १३. पुढची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. राज्य ९,६८,७८,६२७ वर पोचले होते, जागा मात्र २८८ च राहिल्या, कारण एकूण संख्या घटनेनेच गोठवलेली आहे. सरासरी झाली ३,३६,३८४. जिल्ह्याची लोकसंख्या ३८,४९,५४३. भागून आले ११.४४, म्हणून जागा ११. जिल्हा वाढला, पण मुंबईभोवतालचा आणि पुण्याचा पट्टा त्याहून झपाट्याने वाढला. आपल्या दोन जागा गेल्या त्या या फरकात.

कोणत्या दोन जायच्या, हे मात्र नुसत्या भागाकाराने ठरत नाही. मंगळवेढा तालुका तेव्हा दोन लाखांच्या आत होता. त्याच्यावर एक जागा उभी करायची तर शेजारच्या तालुक्यांतून दीड लाखावर माणसे ओढून आणावी लागली असती. शेवटी मंगळवेढा आणि उत्तर सोलापूर ही दोन्ही नावे यादीतून गेली. हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होते. नव्या रचनेत ते आरक्षण मोहोळ आणि माळशिरसकडे गेले. राज्यातही अशा जागा १८ वरून २९ झाल्या.

त्याचे पडसाद पहिल्याच, म्हणजे २००९ च्या निवडणुकीत उमटले. मंगळवेढ्याचे प्रतिनिधित्व केलेले लक्ष्मण ढोबळे मोहोळमधून निवडून आले. माळशिरस राखीव झाल्याने विजयसिंह मोहिते पाटील पंढरपुरात उतरले आणि भारत भालके यांच्याकडून हरले. भालके यांच्या निधनानंतर एप्रिल २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली. ती मंगळवेढ्याचे समाधान आवताडे यांनी ३,७३३ मतांनी जिंकली. मतदारसंघाचे नाव पुसले, पण तालुक्याचे वजन गेले नाही, हे या फरकातून दिसते.

आता पारावरच्या गोष्टीबद्दल. न्या. कुलदीप सिंह यांच्या पुनर्रचना आयोगाने आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या. खासदार-आमदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. गाव इकडे की तिकडे, यावर खटपटी होतात हे खरे. पण १३ च्या ११ होणे कुणाच्या हातात नव्हते.

प्रश्न : आजोबा १९३७ मध्ये मंगळवेढ्यात राहत होते. त्या वर्षीच्या निवडणुकीच्या मतदार यादीत त्यांचे नाव शोधतो आहे. यादी कुठे बघावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शोधू नका, ते नाव असणारच नाही. त्या काळी मंगळवेढा सांगली संस्थानात होते. मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी संस्थानी प्रजेला मत नव्हते. अक्कलकोटचेही तेच. इंग्रजी अमलाखालचा जिल्हा म्हणजे सोलापूर, बार्शी, करमाळा, माढा, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस एवढेच तालुके. दक्षिणी संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यानंतरच मंगळवेढेकर या जिल्ह्याच्या यादीत आले.

आजोळ पंढरपूर किंवा बार्शीकडचे असेल तर तिथे मात्र जरूर बघा. तरीही आशा बेताचीच ठेवा. तेव्हा सरसकट मताधिकार नव्हता. शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर किंवा शिक्षण यांपैकी एखाद्या अटीत बसणाऱ्याचेच नाव लागे. दप्तरात शोधताना ‘शोलापूर’ हे जुने रूपही बघायला विसरू नका.

प्रश्न : प्रकल्पासाठी विचारते, आडम मास्तर आणि सुशीलकुमार शिंदे दोघेही ‘सोलापूर दक्षिण’चे आमदार होते का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही. २००८ पूर्वी ‘सोलापूर शहर दक्षिण’ आणि ‘दक्षिण सोलापूर’ असे दोन वेगळे मतदारसंघ होते. नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये निवडून आले ते शहर दक्षिणमधून. मुख्यमंत्री झाल्यावर शिंदे २००३ ची पोटनिवडणूक जिंकले ती तालुक्याच्या नावाच्या दक्षिण सोलापुरातून. पुढे शहर दक्षिणच्या जागी, सीमा बदलून, शहर मध्य आला. प्रकल्पात ‘शहर’ हा शब्द गाळलात तर दोन्हींचे निकाल एकाच तक्त्यात पडतील.

प्रश्न : आमचे गाव पंढरपूर तालुक्यात, पण आमदार मोहोळचे. गावाचा मतदारसंघ कधी कधी बदलला हे कसे काढायचे?
– एक ग्रामपंचायत सदस्य, पंढरपूर तालुका

उत्तर : पंढरपूर तालुका चार मतदारसंघांत वाटला गेला आहे. पंढरपूर शहर आणि कासेगावचा भाग पंढरपुरात, करकंबकडचा माढ्यात, भाळवणीकडचा सांगोल्यात आणि पुळूजकडचा मोहोळमध्ये. म्हणून तालुक्याचे नाव धरून शोधाल तर वाट चुकेल. आधी तलाठ्याकडून गावाचा सजा (एका तलाठ्याकडची गावे) आणि महसूल मंडळ (अशा सजांचा गट) लिहून घ्या, कारण पुनर्रचनेच्या आदेशात मतदारसंघाची हद्द तालुका, मंडळ आणि सजा याच भाषेत लिहिलेली असते. मग २००८ चा आदेश उघडा. पंढरपूरचा क्रमांक २५२, मोहोळचा २४७. बोलताना लोक ‘पंढरपूर-मंगळवेढा’ म्हणतात, पण आदेशात नाव नुसते ‘पंढरपूर’ आहे. त्यानंतर १९७६ चा आदेश घ्या. तो १९७८ ते २००४ च्या सर्व विधानसभा निवडणुकांना लागू होता. मंडळे आणि सजे मधल्या काळात फुटले, त्यामुळे आजच्या मंडळाचे नाव जुन्या आदेशात नसेल तर शेजारच्या मोठ्या गावाच्या नावाने बघा.

निवडणूक आयोगाच्या निकालपुस्तिकेतला क्रमांक धरून मागे जाऊ नका. एकूण जागा १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८ अशा बदलल्या, त्याबरोबर क्रमांकही सरकले. १९५२ आणि १९५७ च्या पानांवर काही ठिकाणी मतदारांपेक्षा मतेच जास्त दिसतील. ती छपाईची चूक नाही. ते द्विसदस्य मतदारसंघ होते: मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत, आणि दोन जागांपैकी एक राखीव असे. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. अशा पानावर मतदानाची टक्केवारी काढायची असेल तर एकूण मतांना मतदारसंख्येच्या दुपटीने भागा.