ग्रहण दाखवायचंय, तर मुलांची पाठ सूर्याकडे करा

तुम्ही विचारलंय की २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण देवगड तालुक्यातल्या तुमच्या शाळेच्या साठेक मुलांना दाखवायचंय, त्यासाठी चष्मे किती मागवावेत आणि घरोघरी पडून असलेल्या एक्स-रेच्या फिल्म चालतील का.

फिल्मचं आधी सांगते. नाही चालणार. दोन थर लावले तरी नाही, चार लावले तरी नाही. काजळी धरलेली काच, जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह, सीडी, गॉगल, यातलं काहीही नको. या सगळ्यांतून सूर्य डोळ्याला सहन होईल इतका मंद दिसतो आणि तिथेच घात होतो. चकाकी कमी झाली म्हणजे डोळ्याच्या पडद्याला इजा करणारा प्रकाश अडला असं नव्हे. त्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे मूल 'बाई, काही होत नाही' म्हणत खुशाल बघत राहतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १६ फेब्रुवारी १९८० ला दुपारी ग्रहण होतं. अंकोल्याकडे खग्रास दिसलं, आमच्या मालवणकडे सूर्याची बारीक कोर उरली होती. आजीने 'गिराण लागलाहा, भायर जाव नको' म्हणून दारं लावून घेतली होती. माझा आतेभाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. फुटक्या तावदानाचा तुकडा त्याने कंदिलावर धरून काळा केला आणि मागीलदारी माडाला टेकून बराच वेळ बघत बसला. दुखलं काही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत वाचताना म्हणाला, जे अक्षर बघतो तेवढंच पुसल्यासारखं होतं. ते पुसलेलं पुन्हा कधी पूर्ण भरलं नाही. आज तो जाळं विणायला बसला की मान जराशी वाकडी करून बसतो, कारण जाळ्याच्या ज्या आसावर, म्हणजे घरावर, नजर लावावी तोच आस नाहीसा होतो आणि आजूबाजूचे सगळे दिसतात. म्हणून फिल्म हा शब्द वाचल्यावर मला राहवलं नाही.

आता परातीतलं पाणी. आपल्याकडे पाण्यात हळद नाहीतर शेण कालवून त्यात ग्रहण बघायची पद्धत आहे आणि ती सुरक्षित आहे असं शिकलेली माणसंही सांगतात. सूर्य डोक्यावर असताना पाणी शंभरातला दोन भाग प्रकाश परत पाठवतं, आणि उन्हं कलली की त्याहून पुष्कळ जास्त. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा तीस हजारांत फार तर एक भाग आत सोडतो. हे दोन आकडे मुलांना फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा, परात आपोआप बाजूला होईल. तुमचं ग्रहण दुपार कलल्यावरचं आहे, म्हणजे परात जास्तच धोक्याची.

माझं मत असं की साठ मुलांसाठी साठ चष्मे मागवूच नका. साठ चष्मे म्हणजे साठ जणांच्या नजरेवर दोन शिक्षकांनी पहारा ठेवायचा, आणि एक तरी पोर कडेने डोकावतंच. दहा चष्मे घ्या, आणि मुख्य ग्रहण सूर्याकडे पाठ करून भिंतीवर दाखवा. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळच्या ग्रहणाला मी माझ्या शाळेत असंच केलं होतं.

त्यासाठी एक छोटा आरसा घ्या. त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध नखाएवढं, साधारण एक सेंटिमीटरचं भोक ठेवा. आरसा बाहेर उन्हात स्टुलावर ठेवून कवडसा खिडकीतून वर्गाच्या आतल्या भिंतीवर पाडा. वर्गात अंधार करा. भिंत आरशापासून दहा मीटर लांब असली तर सूर्याचं बिंब नऊ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षा थोडं लहान दिसतं. हिशेब सोपा आहे, अंतराला साधारण १०९ ने भागायचं. पाचवीच्या मुलांकडून तो आधी करून घ्या आणि मग पट्टीने मोजायला लावा. त्या सकाळी आमच्या भिंतीवरच्या गोलाला एका कडेने चावा पडला, तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. सूर्य सरकतो तसा कवडसाही सरकतो, म्हणून आरशाजवळ एक मोठं माणूस बसवा. आरशात कुणी बघायचं नाही, तोही सूर्यच आहे. त्या माणसाने उन्हाकडे पाठ करून, भिंतीकडे बघत आरसा हलवावा.

बाकी घरातल्या वस्तू पुरतात. झारा, चाळण, विणलेली टोपली, काहीही धरा. झाऱ्याच्या सावलीत प्रत्येक भोकाची एकेक कोर उमटते. आमच्या शाळेशेजारच्या घरी झापांचा मांडव होता. त्याच्या फटींतून सारवलेल्या अंगणात शेकडो कोरी पडल्या होत्या आणि वारा आला की सगळ्या एकदम थरथरायच्या. घरातली म्हातारी बाई, जी ग्रहणात बाहेर पडतच नव्हती, ती उंबऱ्यात उभी राहून तेवढं बघत होती. आंब्याखालीही असंच दिसतं. तुमच्या वेळी ऊन तिरकं असेल, तेव्हा जमिनीवरच्या कोरी लांबट होतील. पांढरा पुठ्ठा उन्हाकडे तोंड करून तिरपा धरला की त्या नीट दिसतात.

चष्म्यांबद्दल. त्यावर आयएसओ १२३१२-२ (अशा चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण) असं लिहिलेलं असतं, पण नुसत्या छापण्यावर विसंबू नका. घालून खोलीत बघा, ट्यूबलाइट अजिबात दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर मंद ठिपका दिसेल, तेवढंच. मग प्रत्येक चष्मा बल्बसमोर धरून ओरखडा किंवा टाचणीएवढं भोक आहे का तपासा, आणि शंका आली तर कात्रीने कापून टाका, म्हणजे परत कुणाच्या हाती लागणार नाही. चष्मा खाली बघत घालायचा, मग मान वर करायची, आणि काढतानाही आधी मान खाली. नंबरचा चष्मा असेल तर ग्रहणाचा त्याच्यावरून घालायचा. हा चष्मा घालून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून मात्र कधीही बघू देऊ नका. दुर्बीण ऊन गोळा करते आणि फिल्टर क्षणात जाळते. वेल्डिंगची काच आणतो असं कुणी म्हणेल. ती १४ नंबरची लागते आणि दुकानातली काच बहुतेक १० किंवा ११ ची असते.

कोकणातली खरी अडचण ढगांची. २ ऑगस्ट म्हणजे आषाढातली अवस, दिव्यांची. पाऊस असणार हे धरूनच चला. २१ जून २०२० च्या ग्रहणाला आमच्याकडे आभाळ भरलेलंच होतं. ढगातून सूर्य पांढऱ्या थाळीसारखा दिसतो तेव्हा सगळ्यांनाच उघड्या डोळ्यांनी बघावंसं वाटतं, आणि मला सगळ्यात भीती त्याच वेळेची वाटते, कारण ढग कधी फाटेल याचा नेम नसतो. मुलांना आधीच सांगून ठेवा: ढग असला तरी चष्मा, नाहीतर भिंत. २५ ऑक्टोबर २०२२ ला सूर्य ग्रहणातच समुद्रात बुडाला, तेव्हा लाल झालाय म्हणून किनाऱ्यावर कितीतरी जण तसेच टक लावून बघत होते. लाल सूर्यालाही हाच नियम.

खग्रास पट्टा या वेळी आपल्यावरून जात नाही. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांपेक्षा जास्त खग्रास आहे, आपल्याकडे खंडग्रासच. म्हणजे चष्मा काढायचा असा एकही क्षण आपल्या वाट्याला नाही. खग्रासचे फोटो पाहिलेली मुलं हे विचारतील. तुमच्या जवळच विजयदुर्ग आहे, तेही त्यांना सांगा. १८ ऑगस्ट १८६८ चा खग्रास पट्टा आपला किनारा ओलांडून पूर्वेला गेला होता. त्याच ग्रहणात जान्सेन या फ्रेंच खगोलज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि हेलियमच्या शोधाची गोष्ट तिथून सुरू होते. ते ग्रहण बघायला गोऱ्या साहेबाने बांधले असं सांगतात ते 'साहेबाचे ओटे' विजयदुर्गावर आजही दाखवतात. तेही ग्रहण पावसाळ्यातलंच होतं.

वेळा कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर जाहीर करतं, त्यातलं तुमच्या जवळचं ठिकाण बघा. मग दोन-तीन दिवस आधी ऊन पडेल तेव्हा त्याच वेळेला त्याच जागी पूर्ण तालीम करा: आरसा, खिडकी, चष्मे, रांगा. आपल्या पुष्कळ शाळा दोन डोंगरांच्या मध्ये आहेत, पश्चिमेचा डोंगर किंवा माड सूर्याच्या आड येतो का ते तेव्हाच कळेल. आरशाच्या तालमीला ग्रहण असावं लागत नाही, भिंतीवर पूर्ण गोल दिसला की काम झालं. किनाऱ्यावर न्यायचं मनात असेल तर भरतीच्या वेळेसाठी तिथीची पाऊणपट करून बघा: अवस पंधरावी तिथी, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे पाचच्या आसपास सुकती (ओहोटी) आणि पुळण मोकळी. तरी ऑगस्टातला समुद्र आहे. मी शाळेच्या आवारातच करेन.

एक गोष्ट पालकांची. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात असं मानतात, म्हणजे काही घरांतून मुलांना दुपारची खिचडी खाऊ नको असं सांगून पाठवतील. आठवडाभर आधी सभा घ्या आणि वाद घालू नका. ग्रहणात परातीत मुसळ उभं राहतं असं म्हणतात ना, ते त्या सभेतच उभं करून दाखवा. बूड सपाट असलं की कुठल्याही वारी उभं राहतं. त्यानंतर आरशाचा कवडसा त्यांनाही दाखवा. माझ्या सभेला आलेल्यांपैकी दोन आया ग्रहणाच्या दिवशी मुलांबरोबर येऊन भिंतीसमोर बसल्या होत्या.

आरशाचं काही अडलं तर खाली विचारा. खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि समोरची भिंत किती लांब आहे तेवढं लिहा, आरसा कुठे ठेवायचा ते सांगते.