एक पेपर ‘हो’ म्हणतो, दुसरा ‘नाही’. मग जेनेटिक्स सोडू का?

प्रश्न: मी मुलुंडला राहते, लाइफ सायन्सेसमध्ये टी.वाय.बी.एस्सी. करते. आजीला ऑस्टिओपोरोसिस आहे, म्हणून ‘व्हिटॅमिन डी रिसेप्टर जनुक आणि हाडांची घनता’ हा विषय प्रोजेक्टला घेतला. काही संशोधन-पेपर संबंध आहे म्हणतात, काही साफ नाही म्हणतात. आता या विषयावर विश्वासच राहिला नाही. बाबा म्हणतात, एमबीए कर. काय करू?

उत्तर: तुला जे खटकलं ते मला फार मोलाचं वाटतं. पुष्कळ मुलं असे पेपर वाचतात, गोषवारा उतरवून घेतात आणि प्रोजेक्ट जमा करतात. तू अडलीस.

१९९४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात या जनुकावर एक गाजलेला पेपर आला. माणसामाणसांतल्या हाडांच्या घनतेच्या फरकाचा जो भाग अनुवंशिक असतो, त्यापैकी तब्बल ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा या एका जनुकाचा असू शकतो, असा त्याचा दावा होता. जगभर त्यावर काम सुरू झालं. १९९७ मध्ये त्याच गटाने दुरुस्ती छापली: अभ्यासात घेतलेल्या जुळ्या भावंडांच्या काही नमुन्यांचे जनुकप्रकार चुकीचे नोंदले गेले होते आणि परिणाम वाटला त्याहून कमी होता. पुढे २००६ मध्ये युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून सुमारे २६ हजार लोक तपासले. या जनुकाच्या ज्या नेहमीच्या बदलांवर एवढी चर्चा झाली होती, त्यांचा घनतेशी संबंध दिसला नाही.

तेव्हा तुझे पेपर पुन्हा काढ आणि निष्कर्षाआधी ‘पद्धती’ वाच. माणसं किती? शे-दीडशेत योगायोगानेही संबंध दिसतो. तो दिसला की पेपर लवकर छापून येतो, नाही दिसला तर बहुधा पडून राहतो. जनुक तपासणाऱ्याला नमुना रुग्णाचा की निरोगी माणसाचा, हे ठाऊक होतं का? काही नमुने पुन्हा तपासले का? आणि तुलनेचा गट कुठून आणला? समज, रुग्ण परळच्या एखाद्या ओपीडीतले घेतले आणि निरोगी माणसं कुलाब्याच्या एखाद्या ऑफिसातली. दोन्हीकडचे समाज वेगळे असतील, तर दिसलेला फरक आजाराचा नसून समाजांचाही असू शकतो. मुंबईत तर ही चूक अगदी सहज होईल.

हे पारखणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत, आणि तुझी जागा मला तिथे दिसते. एमबीए वाईट नाही, पण केवळ निराशेपोटी करू नकोस. संख्याशास्त्र मनापासून आवडत असेल तर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतला बायोस्टॅटिस्टिक्सचा अभ्यासक्रम बघ. तुझ्या पदवीवर प्रवेश मिळतो का, ते त्यांच्या माहितीपत्रकात आधी तपास. प्रयोगशाळाच हवी असेल तर जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. कर, पण सोबत ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकायला आजच बस. बाबांना हा प्रोजेक्ट दाखव, आणि विषय बदलू नकोस: प्रत्येक पेपरपुढे माणसांची संख्या, तुलनेचा गट आणि फेरतपासणी असे तीन रकाने भर, मग ‘हो’ आणि ‘नाही’ वेगळे करून बघ.