कंपनीच्या पॅकिंग कचऱ्याचं कापड: आधी ढीग वेगळे करा

तुमच्या चाकणच्या युनिटमधून स्ट्रेच फिल्म (मालाभोवती ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक), जंबो बॅगा (माल भरायच्या मोठ्या प्लास्टिक गोण्या), खोके बांधायच्या हिरव्या पट्ट्या आणि रॅपरचे रिजेक्ट, म्हणजे नापास झालेले, रोल निघतात, त्याचं कापड होईल का असं विचारलंयत. होतं, पण सगळ्याचं एकत्र नाही होत.

हिरवी पट्टी बहुतेक वेळा पेटची असते, म्हणजे पाण्याच्या बाटलीचीच जात. तिचा धागा निघतो पण वितळवून, आणि ते मोठ्या प्लांटचं काम. पेट २५० डिग्रीच्या आसपास वितळतं, जंबो बॅगचं पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) १६५ च्या आसपास आणि फिल्म त्याच्याही बरीच आधी, त्यामुळे मिसळलंत की वाट लागली. पट्टी वेगळी बांधून पेटवाल्या रिसायकलरला द्या, विषय संपला.

जंबो बॅग तर आधीच विणलेली असते हो! उसवत बसू नका, धुवा, कापा, शिवा. फक्त उन्हात पडलेली नको, नखाने खरवडून बघा, भुसा निघाला तर ती गेली. आणि आत केमिकल होतं का ते स्टोअरवाल्याला विचाराच, घातक केमिकलची रिकामी बॅगसुद्धा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या सरकारी नियमांत घातक कचराच धरतात, तिची पिशवी शिवून कुणाच्या हातात देऊ नका.

खरा माल म्हणजे रिजेक्ट रोल. पुण्यात रीचरखा, इकोकारी वगैरे लोक प्लास्टिक पिशव्या आणि रॅपर धुऊन, वाळवून, पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणतात. तुमचे रोल कोरे असतील तर धुण्याचा निम्मा त्रासच वाचला. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती किंवा पॉलिस्टरचा, बाणा, म्हणजे आडवा, प्लास्टिकचा. पट्टी एकसारखी कापा, रुंदी कमीजास्त झाली की कापडाला पोट सुटतं. चमकदार रॅपर मधेमधे टाकलं तर जरीसारखं दिसतं, गिऱ्हाईक तेच आधी उचलतं.

स्ट्रेच फिल्मचा नाद मात्र सोडा. मी दोन दिवस घालवलेत त्यात. ती स्वतःलाच चिकटते, वर धूळ ओढते, आमच्या मागावरच्या मावशी म्हणाल्या गूळ विणायला आणलास का रे. सरळ प्लास्टिक वितळवून दाणा करणाऱ्याला विका.

आणि हे कापड अंगात घालायचं नाही, घाम जिरत नाही, इस्त्री लागली की आटतं. पिशव्या, फोल्डर, टेबलमॅट एवढंच. आधी एका रोलचं मीटरभर विणून घ्या, अस्तर लावून एक पिशवी शिवा, आणि महिनाभर स्वतः भाजीला वापरून बघा शिवण कुठे फाटते ते.