एवढ्या थंडीचं करणार काय?

प्रश्न : मी सोलापुरात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडील पॉवरलूमवर जॉबर आहेत, म्हणजे माग जुळवायचं-दुरुस्तीचं काम करतात. लो टेम्परेचर फिजिक्स करायचंय म्हटलं की घरचे विचारतात, एवढ्या थंडीवर पोट भरतं का? काय सांगू? – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : भरतं, पण वेळ लागतो, हे आधी सांगून ठेवा. फिनलंडमध्ये हेलसिंकीला लागून एस्पो आहे, तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ओल्ली लौनासमा यांनी 1965 साली लो टेम्परेचर लॅब काढली. तेव्हा एवढं गार करणारी यंत्रं दुकानात मिळत नव्हती, मग लॅबनं स्वतःच बनवली, आणि माझ्या मते सगळी गोम इथंच आहे, कारण पेपर छापून होतात पण यंत्र जुळवलेला हात तयार होतो तो कुठंही गेला तरी कामाला येतो. त्याच लॅबमधल्या माणसांनी 2008 मध्ये ब्लूफोर्स कंपनी काढली. क्वांटम कॉम्प्युटरची सुपरकंडक्टिंग (गार केल्यावर वीज विनाअडथळा वाहू देणारी) चिप शून्य केल्विनच्या, म्हणजे सुमारे उणे 273 अंश सेल्सियसच्या, वर जेमतेम 0.01 अंशावर ठेवावी लागते, तेवढं गार करणारे फ्रिज ते बनवतात आणि जगभर विकतात. मधे किती वर्षं गेली बघा, 43!

वडिलांना माठाचं सांगा. पाणी झिरपतं, उडून जाताना उष्णता घेतं, उरलेलं गार होतं. या फ्रिजमध्ये हेलियम-3 नावाचा हेलियमचा हलका प्रकार एका थरातून दुसऱ्या थरात जाताना तसंच करतो. अडचण गळतीची, हेलियम केसाहून बारीक फटीतूनसुद्धा पळतो आणि तेवढ्या थंडीत रबराची रिंग दगडासारखी होते, म्हणून जोडात इंडियम या धातूची तार दाबतात. एवढी मऊ की नखाची खूण उठते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, एक बाजू जास्त दाबली की गेलं काम. जॉबरला हे समजवावं लागणार नाही, मागातला सूक्ष्म फरक ज्याला कानाने कळतो त्याला हेही कळेल.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) लो टेम्परेचर फॅसिलिटी आहे, द्रव हेलियम तिथंच तयार होतो. समर प्रोजेक्टसाठी अर्ज करा, आणि गेलात तर नुसते ग्राफ काढत बसू नका, वर्कशॉपमध्ये जाऊन लीक कसा शोधतात ते बघा, एखादा जोड स्वतः आवळून बघा.