खडे बाजारातलं गिऱ्हाईक आणि फुटबॉल क्लबचं ऑफिस

पत्र: माझं बेळगावात खडे बाजारला कापडाचं दुकान आहे. मुलगा पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), कॉमर्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचा, पण खेळाडू म्हणून पुढे जाणं जमणार नाही हे त्याचं त्यालाच कळलंय. आता म्हणतो, फुटबॉल क्लबच्या ऑफिसात काम करणार, टीम चालवणार. बंगळूरच्या एका खासगी संस्थेनं तीन वर्षांच्या कोर्सची फी सात लाख सांगितली आहे, पहिला हप्ता महिनाअखेरीस भरा म्हणतात. बेळगावएवढ्या गावात प्रोफेशनल टीम कधी येणार नाही. मग या शिक्षणाचा उपयोग काय? का सरळ दुकानात बसवू? – एक पालक, शहापूर, बेळगाव

नमस्कार.

पहिला हप्ता भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रातलं ‘बेळगावएवढ्या गावात’ हे आधी घेतो, कारण चिरंजीवांना ज्या ऑफिसात जायचंय तिथलं निम्मं काम याच हिशेबाचं असतं. लग्नसराईत तुमच्या गादीसमोर बसलेली माणसं कुठली असतात? चंदगडची, खानापूरची, चोर्ला घाट चढून आलेली गोव्याची. शहराची लोकसंख्या बघून तुम्ही शालू भरत नाही. कोण किती लांबून येतं, त्याच्या खिशात काय आहे, शेजारच्या दुकानात काय मिळतं, हे बघून भरता. क्लबवालेही बाजारपेठ अशीच मोजतात. किती लांबून लोक मॅचला येतील, तिकिटाला किती मोडतील, जाहिरात देणाऱ्या कंपन्या आसपास किती, आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेट तर नाही ना?

अमेरिकेतल्या ग्रीन बे गावाचं उदाहरण चिरंजीवांना ठाऊक असेल. (तो फुटबॉल वेगळा, हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळायचा. पण धंदा म्हणून त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.) 2020 च्या जनगणनेत या गावाची वस्ती साधारण 1 लाख 7 हजार. आपल्या शहराची 2011 मध्येच 4 लाख 88 हजार होती. तरीही तिथल्या पॅकर्स संघाचं स्टेडियम 81 हजारांचं आहे आणि संघ 1919 पासून गाव सोडून गेलेला नाही. त्याला कुणी एक शेठ मालकही नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि त्यांना लाभांश म्हणून एक पैसा मिळत नाही. भागधारक इतके असल्यामुळे दरवर्षी ताळेबंद लोकांसमोर येतो. मार्च 2024 अखेरच्या वर्षात एनएफएल या तिथल्या लीगच्या सामायिक उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः टीव्हीच्या पैशातून, या संघाच्या वाट्याला 40 कोटी डॉलरहून जास्त आले. त्या हंगामात खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा होती साधारण साडेबावीस कोटी डॉलर. म्हणजे एकही तिकीट विकलं जाण्याआधी सगळ्या खेळाडूंचे पगार निघाले! टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटायचा, हे तिथल्या लीगनं 1960 च्या दशकातच ठरवून ठेवलं, म्हणून छोटं गाव टिकलं. उलट लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य शहरात 1995 पासून 2015 पर्यंत त्या लीगचा एकही संघ नव्हता. बाकीच्या गावांचे संघमालक ‘स्टेडियम बांधून देता की जाऊ तिकडे?’ म्हणून आपापल्या नगरपालिकांना तेवढी वर्षं दम देत राहिले, ते वेगळंच.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे येऊ. स्पेनमधल्या विलारियाल गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. आपली निपाणी 2011 ला 62 हजारांची होती. निपाणीहून छोट्या गावातल्या या क्लबनं 2021 मध्ये मँचेस्टर युनायटेडला पेनल्टींवर हरवून युरोपा लीग जिंकली. क्लबचा मालक फरश्यांच्या कारखान्यांचा धनी आहे, त्याचा आधार होताच. पण नुसत्या पैशानं हे होत नाही. स्पेनची लीग प्रत्येक क्लबला त्याच्या उत्पन्नाप्रमाणे खर्चाची मर्यादा आखून देते, त्यामुळे रियल माद्रिदसारख्या बड्या क्लबशी पैशात बरोबरी करणं या क्लबला शक्यच नाही. मग पोरं स्वतःच्या अकादमीत घडवायची आणि भाव आला की विकायची. त्या फायनलला खेळलेला पाउ टोरेस त्याच गावात जन्मलेला, तिथेच शिकलेला. 2023 मध्ये त्याला इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाला विकलं. कुणाला कधी विकायचं, त्याच्या जागी कोण तयार आहे, करार किती वर्षांचा करायचा, हे सगळं मैदानाबाहेर बसलेली माणसं ठरवतात. चिरंजीवांना बहुतेक याच खुर्चीचं वेड लागलंय.

आता घरचं बघा. पुणे केवढं शहर! तरी तिथला इंडियन सुपर लीगचा क्लब 2019 मध्ये गुंडाळला आणि त्याच्या जागी हैदराबादला नवा उभा राहिला. हैदराबादनं 2022 मध्ये विजेतेपद मिळवलं, आणि 2025 मध्ये तो क्लबही नव्या मालकाकडे, नव्या नावानं दिल्लीला गेला. पुणे काय, हैदराबाद काय, वस्ती कमी होती म्हणून क्लब हलले असं कुणी म्हणेल का? आणि अवघ्या पंधरा लाख वस्तीच्या गोव्याचा एफसी गोवा मात्र 2014 पासून फातोर्ड्यात ठाण मांडून आहे. तिथे फुटबॉल मुरलेला आहे. घाटाच्या खाली गोवा, इकडे तालमींच्या नावानं पेठापेठांत फुटबॉल खेळणारं कोल्हापूर आणि मधे आपण, असा हा पट्टा आहे. अनिकेत जाधव कोल्हापुरातूनच 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात गेला. म्हणून बेळगावात टीम येणार का, हा प्रश्न तुमच्या मुलाच्या नोकरीपुरता बाजूला ठेवा. (आली होतीच की, क्रिकेटची! बेळगावी पँथर्सनं कर्नाटक प्रीमियर लीग जिंकलीही होती. 2019 मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात ती लीगच बुडाली.)

तुमची भीती खरी आहे, फक्त ती गावाच्या आकाराची नको, धंद्याच्या कच्चेपणाची हवी. आपल्याकडे वरच्या लीगचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, क्लब जेमतेम चौदा. तिकिटांतून फार पैसा येत नाही, बहुतेक क्लब मालकाच्या खिशावर चालतात. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 सालचा पंधरा वर्षांचा करार 2025 मध्ये संपत आला, नवा ठरेना, हंगाम लांबला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. फक्त फुटबॉल क्लबातच चालेल अशी पदवी घेऊन बसलेल्या पोरानं अशा वेळी जायचं कुठं?

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. पदवी साध्या बी.कॉम.ची घ्यावी, बेळगावातच. क्लबच्या ऑफिसात ‘टीम चालवणारा’ माणूस एखादाच असतो आणि तो बहुधा जुना खेळाडू किंवा मालकाच्या विश्वासातला असतो. बाकीच्या खुर्च्या म्हणजे हिशेब, प्रायोजक मिळवणं, तिकीट विक्री, करार आणि कायदा, प्रसारमाध्यमं, मॅचच्या दिवसाची व्यवस्था, आणि खेळाडूंची नोंदणी. ही शेवटची खुर्ची नवख्यांना सहसा माहीतच नसते. परदेशी खेळाडू घ्यायचा तर फिफाच्या टीएमएस नावाच्या प्रणालीत 2010 पासून सगळे कागद भरावे लागतात, देशातल्या नोंदणीसाठी महासंघाची सीआरएस आहे. मुदतीत एखादा कागद राहिला तर लाखो मोजून आणलेला खेळाडू बाकावर बसतो. हे काम काटेकोर कारकुनीचं आहे, त्यात झगमगाट काही नाही. पण दार इथूनच उघडतं, आणि कॉमर्सच्या पोराला ते जमतं.

पदवीच्या तीन वर्षांत त्यानं स्थानिक स्पर्धांत पडेल ते काम करावं. लेले ग्राउंडवर स्पर्धा असली की आयोजकांना खेळाडूंचे फॉर्म तपासायला, वयाचे दाखले लावायला माणूस हवाच असतो. कोल्हापूरचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर जाऊन नुसतं खेळ बघू नये, गेटवर काय चाललंय, फलक कुणाचे लागलेत, ते वहीत उतरवावं. फातोर्ड्याला मॅचच्या दिवशी स्वयंसेवक लागतात का, हे एफसी गोव्याला पत्र लिहून विचारावं. एक्सेल पक्कं हवं आणि इंग्रजीत नीट पत्र लिहिता यायला हवं. मराठी माध्यमाची धास्ती सोडा. मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी कोकणी बोलणारा पोरगा मुंबई, गोवा, बंगळूर या तिन्ही ठिकाणी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. पुण्या-मुंबईच्या पोराला कन्नड कुठलं यायला?

पदवीनंतरही ओढ टिकली, तर क्रीडा व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं. पुण्यात सिम्बायोसिसची क्रीडा विज्ञानाची शाखा आहे, कोलकात्याला आयआयएसडब्ल्यूबीएम ही व्यवस्थापन संस्था आहे. स्वित्झर्लंडच्या सीआयईएस संस्थेचा फिफा मास्टर हा यातला मानाचा कोर्स, पण ती पुढची गोष्ट. महाराष्ट्रात सीईटी या प्रवेश परीक्षेतून एमबीएला जायचं ठरलं, तर सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी असलेली तरतूद बघून ठेवा, त्याचे दाखले आधीच काढून ठेवावे लागतात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ती लागू नाही.

बंगळूरच्या त्या संस्थेला मात्र तीन गोष्टी लेखी विचारा. ही पदवी कुठल्या विद्यापीठाची? मागच्या दोन बॅचमधली मुलं आज कुठल्या हुद्द्यावर, किती पगारावर आहेत? प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते? उत्तरात ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ एवढंच आलं आणि शेजारी परदेशी स्टेडियमचे फोटो लागले, तर सात लाख वाचले म्हणून समजा.

आणि दुकानाचं म्हणाल, तर शनिवार-रविवार बसवाच. गल्ल्यावर मात्र नको. जीएसटीची बिलं, उधारीची वसुली आणि दिवाळीच्या जाहिरातीचा हिशेब त्याच्याकडे द्या. कुठल्या तालुक्यातून किती गिऱ्हाईक आलं याचा तक्ता यंदाच्या लग्नसराईपुरता त्याला करू दे. क्लबात मुलाखतीला गेला की प्रमाणपत्रांच्या फाईलआधी तो तक्ता पुढे ठेवायला सांगा.